दोन पियानो

१० फेब्रुवारी, शुक्रवार

आज अब्रू गेली, आणि तीसुद्धा अर्ध्या जगासमोर. शुक्रवारी आखातात सुट्टी, त्यामुळे तिकडे कामाला गेलेल्या आमच्या फिलिपिनो लोकांची लाइव्हला सगळ्यात जास्त गर्दी असते. नीलोने मागच्या खोलीत माइकसमोर बसून नेहमीसारख्या नावं घेऊन हाका मारल्या, रियाधच्या नर्सबाया, दोह्याचे ड्रायव्हर, जहाजावरचे खलाशी. मी ट्रॅक सुरू केला आणि तो मागे कुत्रं लागल्यासारखा पळत सुटला. पियानो चिमणीसारखा चिवचिव करायला लागला.

नीलोने हसत सांभाळून घेतलं. "मंडळी, आज वादकांनी जरा जास्तच कॉफी घेतलेली दिसते." पण गाणं वरच्या जागेवर पोचलं आणि त्याचा आवाज फाटला. पडद्यावर खाली हसऱ्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस पडला.

नंतर तो माइकवर फडकं टाकून झोपायला गेला, आणि तेच जास्त लागलं. ओसाकाच्या हॉटेलात खऱ्या वादकांबरोबर वर्षानुवर्षं गायलेला माणूस इथे फिलिपिन्समध्ये, दुमागेतेला परत येऊन आवाज घुमू नये म्हणून अंड्याचे ट्रे ठोकलेल्या खोलीत गातो आणि बायको कॉम्प्युटर चालवते. कॉल सेंटरमध्ये असताना लोकांचे कॉम्प्युटर मी फोनवरून नीट करून द्यायचे. घरचा मात्र जमला नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

सकाळीच नोंग इस्कोंना, आमच्या ओळखीच्या थोरल्या दादांना, बोलावलं. ते इथल्या रेडिओ केंद्रातून निवृत्त झालेत आणि तोंडाचे फार तिखट आहेत.

"नोंग, मशीनला भूत लागलंय बहुतेक."

"भूतबीत काही नाही. तूच लागलीयस त्याच्या मागे," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

कळलं ते असं. आवाजाचे सेकंदाला इतके-इतके तुकडे करून तो साठवतात. त्याला म्हणायचं सॅम्पल रेट. आमचे ट्रॅक चव्वेचाळीस हजार शंभरचे. लाइव्ह पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला अठ्ठेचाळीस हजार हवेत. साउंड कार्ड एकच, आणि ते एका वेळी एकाच वेगाने चालणार. प्रोग्रॅम मात्र चार उघडे, आणि जो शेवटी येतो तो आपलाच आकडा रेटतो. चव्वेचाळीसचा माल अठ्ठेचाळीसच्या वेगाने ओतला की गाणं आधी संपतं आणि पाऊण सूर वर चढतं.

"एका घरात चार सासवा," नोंग म्हणाले. "सगळ्यांना एका पंगतीला बसव."

बसवलं. विंडोजला अठ्ठेचाळीस, लाइव्हच्या प्रोग्रॅमला अठ्ठेचाळीस, ट्रॅकवाल्याला सांगितलं की तूच बदल करून दे. 'कार्ड एकट्यानेच वापरणार' अशी त्याच्याकडे एक खूण होती, ती काढून टाकली. नीलो गाऊन बघत होता. मग त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. "माझी बायको म्हणजे इंजिनियर!"

१९ फेब्रुवारी, रविवार

हाँगकाँगला घरकामाला गेलेल्या मुलींची सुट्टी, त्यामुळे फर्माइशींची रांग. सगळं लोण्यासारखं गेलं. नीलोची थोरली बहीण, आमची नांग कार्मिंग, बाजारात विकून उरलेले बुदबुद घेऊन आली होती. केळीच्या पानातला चिकट भात खात आम्ही तिघं हसत होतो. ती म्हणाली, "याला घरात बसून जगभरच्या पोरी पटवायला मिळतात, आणि तू वरून वायरी जोडून देतेस." नीलोने मान वाकडी करून विचारलं, "काय म्हणाली?" परत सांगितलं तेव्हा हसला.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

लाइव्ह झाल्यावर नीलो म्हणाला, "परत बिघडलंय. पियानो दोन ऐकू येतात."

"दोन?"

"एक बरोबर, आणि एक जरा खाली, त्याच्या मागे लागलेला. तुला नाही ऐकू येत?"

मी हेडफोन घातला. मला एकच ऐकू आला. पण गेल्या वेळी मशीनच चुकलेलं होतं. त्याचे कान म्हणजे सोनाराचा तराजू. ओसाकात पियानोवाल्याची एक तार उतरली तर हा टेबलं ओलांडून जाऊन सांगायचा. उद्या बघते.

२६ फेब्रुवारी, रविवार

सापडलं! ब्राउझर उघडा राहिला होता आणि त्याचा आकडा वेगळा होता. तो बंद केला, कॉम्प्युटर परत सुरू केला. नीलोने दोन कडवी म्हटली, डोळे मिटले आणि म्हणाला, "हां. आता एकच आहे." जीव भांड्यात पडला.

३ मार्च, शुक्रवार

परत दोन पियानो. या वेळी लाइव्ह चालू असतानाच त्याने हेडफोन काढून आपटला. मी लगेच पडदा बदलून समुद्राचं चित्र लावलं.

"एवढं साधं काम तुला जमत नाही?"

"सगळं अठ्ठेचाळीसवर आहे, नीलो. ये आणि बघ."

"मला आकडे दाखवू नकोस! ऐक ना! तुझे कान कामातून गेलेत का?"

मी तोच ट्रॅक पुन्हा पुन्हा ऐकत बसले. खरंच माझे कान गेले असतील? कॉल सेंटरमध्ये वर्षानुवर्षं कानाला हेडफोन लावून बसायचे. गुपचूप फोनवर कानांची चाचणी घेतली. चांगले निघाले. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, चाचणीचं ॲपसुद्धा चुकीच्या आकड्यावर असेल.

८ मार्च, बुधवार

जेवताना मी त्याच्या डाव्या हाताला बसले होते. विचारलं, "मासा खारट झालाय का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तो ताटात बघत जेवत राहिला. चूक माझी असेल तर शिव्या द्याव्यात. ऐकून न ऐकल्यासारखं करणं, हे मात्र माझ्या आईने वडिलांचं सोसलं होतं. लग्न करताना मी मनाशी म्हटलं होतं, असा माणूस मला नको.

शिवाय टीव्ही इतका मोठा लावतो की मी काही बोलूच नये.

१० मार्च, शुक्रवार

आज मात्र डोकं फिरलं. रियाधची एक नर्स आहे, जोवेलिन. प्रत्येक लाइव्हला हजर, सगळ्यात आधी हार्ट पाठवणारी. तिने खासगी निरोप धाडला: "ताई, नीलोदादा हल्ली कॅमेऱ्याकडे तिरपे का बसतात? उजवा कान पुढे करतात असं वाटतं. राग मानू नका, पण एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर दाखवा."

माझ्या नवऱ्याची मान कुठल्या बाजूला असते हे हिला तिथे वाळवंटात बसून दिसतं? मी सहा हात अंतरावर असते, आणि मला दिसत नाही? मी उत्तर दिलं, "काळजीबद्दल आभार. साउंड कार्डाचा प्रश्न आहे, चालू आहे दुरुस्ती." नीलोला निरोप दाखवला नाही. कशाला, आधीच शेफारलाय.

१२ मार्च, रविवार

नोंग इस्कोंनी स्वतःचं साउंड कार्ड आणून दिलं, बाहेरून जोडायचं, भक्कम लोखंडी डबीसारखं. सगळं नव्याने लावलं. नीलो गायला बसला. दोन ओळींनंतर म्हणाला, "तेच."

नोंगनी हेडफोन घेतला आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग नीलोच्या पाठीमागे जाऊन हळूच म्हणाले, "नीलो, कॉफी घेणार का?" नीलो वायर गुंडाळत बसला होता, गुंडाळतच राहिला.

दाराशी आल्यावर नोंग मला म्हणाले, "ग्लेसी, मशीन ठीक आहे. आता मशीन सोडून बाकीचं बघ."

म्हणजे वायरी. उद्या सगळ्या वायरी बदलून टाकते.

१९ मार्च, रविवार

वायरी बदलल्या आणि आज सूर लागला! नीलो असा गायला की हाँगकाँगच्या पोरी रडायला लागल्या. नंतर मला समुद्रकाठच्या बुलेवारवर घेऊन गेला, आम्ही समुद्राकडे तोंड करून कणसं खाल्ली. वाटेत एक-दोनदा त्याचा तोल गेला, मी म्हटलं, "गाण्याचीच चढली का रे?" माझ्या खांद्याला धरून चालत होता. किती दिवसांनी.

म्हणजे वायरीच होत्या.

२६ मार्च, रविवार

लिहवत नाही, पण लिहिते.

पहिल्याच गाण्यात तो सुरात नव्हता. जवळपाससुद्धा नव्हता. ट्रॅक एका रस्त्याने, तो दुसऱ्या, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू सगळं जुळलंय. मी घाईघाईने आकडे तपासले. अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस. लोक लिहायला लागले: दादा प्यायलेत का? कुणी लिहिलं, गाढवाला कुणीतरी पाणी दाखवा. नीलोने ते वाचलं. माझ्याकडे वळून कॅमेऱ्यासमोरच ओरडला, "काय पाठवतेस तू लोकांना? माझा आवाज बदलून पाठवतेस?"

मी म्हटलं, "तुझा आवाज जसा आहे तसाच जातोय."

"काय?"

"जसा आहे तसाच!"

त्याने भिंतीतला प्लग उपटला. कपडे पिशवीत भरले आणि बहिणीकडे निघून गेला. मी दारातून हाक मारली नाही. मलाही मान आहे. ज्याला माझं काम फुकट वाटतं, त्याने खुशाल जावं.

३० मार्च, गुरुवार

कार्मिंग स्वतः आली. बाजाराची वेळ सोडून आली तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी आहे.

"भांडलीस ते भांडलीस. पण माझ्या भावाला झालंय काय, ते सांग."

"मला काय विचारता, नांग? माझ्याशी तर तो बोलतही नाही."

"बोलत नाही? अगं, मी सकाळपासून दार बडवत होते. आत बसलेला, जागा, दाराकडे पाठ करून. शेवटी खिडकीतून खराटा घालून ढोसलं. आणि काल मागच्या अंगणात सिलिंडर पडला, कोंबड्या उडाल्या, शेजारी धावत आले. हा तिथेच केळ सोलत बसलेला."

मी तिच्याबरोबर गेले. तो अंगणातल्या बाकावर पाठमोरा बसला होता. मी फाटकातून म्हटलं, "नीलो." दोन पावलं पुढे जाऊन म्हटलं, "नीलो." त्याच्या डाव्या खांद्यामागे उभी राहून, कॉल सेंटरमध्ये शिकवलेल्या स्वच्छ आवाजात, आमच्या दोघांच्या लाडाच्या हाकेने म्हटलं, "लांगा, मी आले." त्याच्या मानेवरची माशीसुद्धा उडाली नाही.

ताटातला मासा. टीव्ही. कणसं खाताना धरलेला खांदा. नोंगची कॉफी. आणि तिथे वाळवंटात बसलेली ती परकी मुलगी.

खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकला. मला बघून आधी हसला, मग माझा चेहरा बघून हसायचं थांबला.

"झालं का नीट?" त्याने विचारलं. "मशीन?"

३ एप्रिल, सोमवार

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या भाचीएवढ्या. नीलोला काचेच्या खोलीत बसवून कानात आवाज सोडले. बटण दाबायचं होतं. मी बाहेरून बघत होते. शिट्ट्या इतक्या मोठ्या होत्या की काचेबाहेर मला ऐकू येत होत्या, आणि त्याचा अंगठा बटणावर वाट बघत होता.

"दोन्ही कानांत आहे," त्या म्हणाल्या. "शरीरच कानाच्या आतल्या भागावर उलटलंय. यात काही दिवस बरं वाटतं, काही दिवस वाईट. सूर दोन-दोन ऐकू येतात, तोल जातो. सुरू कधी झालं?"

"फेब्रुवारीत," मी म्हणाले.

त्यांचं पेन थांबलं. "तेव्हाच आला असतात तर गोळ्यांनी बरंच वाचवता आलं असतं."

"आता?"

"जे उरलंय ते धरून ठेवायचा प्रयत्न करू. यंत्राने बोलणं थोडंफार समजेल. सूर..." त्यांनी मान हलवली. "तुम्ही इतके दिवस काय उपचार करत होता?"



नीलो माझ्या ओठांकडे बघत होता. "काय म्हणाल्या?"

"गोळ्या देणार आहेत," मी मोठ्याने म्हणाले. बाहेर बसलेली सगळी माणसं वळून बघायला लागली.

४ एप्रिल, मंगळवार

तो घरी परत आलाय. मी पाटीवर लिहून विचारलं, तुला माहीत होतं का?

त्याने पाटी वाचली. मग खूप मोठ्याने, कारण हल्ली तो मोठ्यानेच बोलतो, म्हणाला, "थोडं माहीत होतं. रोज सकाळी उठून चमचा कपावर वाजवून बघायचो. काही दिवशी यायचा, काही दिवशी नाही. पण तू इतकं मन लावून ते आकडे लावत होतीस. आणि दर वेळी म्हणायचीस, आता ठीक आहे. मला वाटायचं, हिच्या हाताला यश आहे, करेल ही नीट."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जोवेलिनला लिहिलं. उत्तर देताना ती फक्त म्हणाली, "ताई, मला चुकीचं ठरायचं होतं."

९ एप्रिल, रविवार, ईस्टर

पहाटे चर्चमध्ये दर वर्षी तोच गायचा. आज गेलो नाही. घंटा वाजायला लागल्या तशी मी खिडक्या लावून घेतल्या, आणि मग लक्षात आलं की मी त्या कुणासाठी लावतेय.

५ मे, शुक्रवार

गोळ्यांनी तोंड सुजलंय, पण कान तसेच. डावा पूर्ण गेला. उजव्यात कुणी विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं येतं म्हणतो. त्यानेच ठरवलं, लोकांना सांगून बंद करायचं. मी म्हटलं, मी लिहून टाकते. म्हणाला, "नाही. मी तोंडाने हाका मारल्या त्यांना, तोंडानेच निरोप घेईन."

इस्त्रीचा शर्ट घातला. माइकसमोर बसला. मी सवयीने सगळीकडचे आकडे तपासले.

"मंडळी," तो म्हणाला, "मला आता ऐकू येत नाही. मार्चमध्ये मी तुम्हाला छळलं, ते म्हणूनच. माझ्या बायकोच्या कामात काही खोट नव्हती. ती चूक माझी." मी त्याच्या शेजारी होते, पण कॅमेऱ्याबाहेर. तसंच राहू दिलं. "आज मी गाणार नाही. पण ट्रॅक लावतो. तुम्हाला म्हणायचं असेल तर म्हणा."

मला खूण केली. मी ट्रॅक लावला, रोज शेवटी जो लावायचो तो. खोलीत नुसता पियानो. एकच पियानो. नीलो पडद्याकडे बघत बसला, त्याला तर तोही ऐकू येत नव्हता. मला वाटलं, देवा, हे लवकर संपू दे.

आणि मग पडद्यावर पहिली ओळ आली. रियाधहून. जोवेलिनने गाण्याची ओळ टाइप केली होती. दुसरी दोह्याहून आली, तिसरी कुठल्याशा जहाजावरून. मग एकेका ओळीला दहा-दहा जण, कुणी पुढे, कुणी मागे, स्पेलिंगच्या चुका, मध्येच रडके चेहरे. नीलो पुढे वाकून वाचत होता, बोट पडद्यावर ठेवून, ओळीखालून सरकवत. एका जागी बोट थांबवून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "ही मुलगी घाई करतेय." तो हसत होता. मला हसता आलं नाही.

१८ जुलै, मंगळवार

खूप दिवसांनी लिहितेय. नोंग इस्कोंच्या ओळखीने दुसऱ्या गायकांचं लाइव्ह सांभाळते आता. बाकोलोदचा एक, सेबूच्या दोघी बहिणी. काल त्यातली धाकटी चिडून म्हणाली, "ताई, ट्रॅक विचित्र वाजतोय." मी तिला आधी विचारलं, तुझी तब्येत कशी आहे? घरी सगळं बरं आहे ना? ती गोंधळली. नंतर आकडा बघितला. आकडाच चुकलेला होता. मला किती बरं वाटलं, ते तिला कसं सांगणार!

नीलो पहाटे कार्मिंगबरोबर बाजारात बसतो. गिऱ्हाईक बोटं दाखवतं, हा बुदबुद देतो. कार्मिंग म्हणते, "पूर्वी माझी बोलणी ऐकून घ्यायचा नाही, आता ऐकतच नाही. फरक काय पडला?" आणि मग पदराने, म्हणजे ॲप्रनच्या टोकाने, नाक पुसते.

मागच्या खोलीला कुलूप नाही लावलेलं, पण आत जात नाही कुणी.

२० ऑगस्ट, रविवार

आज दुपारी मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. स्वयंपाकघरातून आवाज आला. आधी वाटलं शेजारचा रेडिओ. मग हातातला शर्ट तसाच धरून दारापर्यंत गेले.

नीलो कांदे चिरत होता आणि गात होता. पूर्ण आवाजात. शब्द अर्धे, अर्धे नुसते आकार. सूर कुठल्या कुठे. मध्येच एखादी जागा पूर्वीसारखी नेमकी लागायची, आणि लगेच घसरून जायची. मार्चनंतर पहिल्यांदा. मी चौकटीला टेकून उभी राहिले.

त्याला माझी सावली दिसली असावी. मागे वळला आणि थांबला. माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाला, "काय झालं?"

मी काही नाही अशी मान हलवली.

"मी गाणं म्हणत होतो," तो लाजून म्हणाला. "मनातल्या मनात." मग सुरी तशीच हातात धरून, एकदम भीतीने, "लांगा, बाहेर येत होतं का?"

शेजारच्या अंगणातली बाई वाळत घातलेले कपडे सोडून आमच्या खिडकीकडे बघत होती. रस्त्यावर पेडिकॅबवाला थांबला होता.

मी त्याच्यासमोर गेले, त्याला ओठ नीट दिसतील अशी. म्हटलं, "नाही. काहीच नाही."

"बरं," तो म्हणाला. सुरीने कांदे एका बाजूला सारले, नवा घेतला, आणि पुढचं कडवं सुरू केलं.